फाइल दिसते, पण उघडत नाही: बोललेला आवाज एडिटरमध्ये आणताना

वाईजवळच्या आमच्या गावी मी आत्याच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर रेकॉर्ड करत होते. आत्या तेव्हा ८१ वर्षांची होती. सत्तर मिनिटं उलटली आणि ती म्हणत असतानाच फोनची बॅटरी संपली. घरी येऊन फाइल लॅपटॉपवर घेतली. आकार ६५ एमबी दिसत होता, पण एडिटरमध्ये, म्हणजे आवाज कापण्या-जोडण्याच्या प्रोग्रॅममध्ये, टाकली की एक चौकट यायची, 'ही फाइल उघडता येत नाही' म्हणायची आणि सगळं तिथंच थांबायचं. ती फाइल पुढे हाती लागली. कशी, ते शेवटी येईलच.

त्यानंतर ओळखीपाळखीतून लोक अशा फाइली घेऊन माझ्याकडे येऊ लागले. कुणाकडे आजोबांच्या गोवा मुक्तिलढ्याच्या आठवणी असतात, कुणाकडे पीएचडीसाठी गावोगाव फिरून घेतलेल्या मुलाखती, तर कुणाला शाळेचा पॉडकास्ट करायचा असतो. माझा अनुभव असा की दहातल्या आठ-नऊ वेळा आवाज फाइलीत शाबूत असतो, फक्त एडिटरला तो वाचता येत नाही. घाईघाईनं काहीतरी करायला गेलं तरच तो कायमचा जातो. म्हणून पुढच्या पायऱ्या ज्या क्रमानं दिल्या आहेत त्याच क्रमानं करा.

मी ऑडॅसिटी हा एडिटर धरून लिहिते आहे. तो मोफत आहे, २००० सालापासून लोकांच्या वापरात आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. तुमचा एडिटर वेगळा असेल तर मेनूंची नावं बदलतील, बिघाडाची कारणं बदलणार नाहीत.

पहिलं काम: मूळ फाइलीला हात लावायचा नाही

फोनमधली किंवा रेकॉर्डरमधली फाइल 'कट' करू नका, 'कॉपी' करा. 'मूळ' नावाचा एक फोल्डर करून त्यात ती ठेवा आणि तिची आणखी एक प्रत काढून सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. एडिटिंग संपून काम ऐकून होईपर्यंत फोनमधली फाइल पुसू नका. रेकॉर्डरचं कार्ड संगणकाला लावल्यावर 'हे कार्ड फॉरमॅट करायचं का?' असं विचारलं गेलं, तर उत्तर 'नाही'. मग कितीही वेळा विचारू दे.

प्रतीचं नाव साधं ठेवा: रोमन अक्षरं, आकडे आणि मधे आडवी रेघ. देवनागरी नावं आजच्या संगणकांना चालतात, पण फाइल दुरुस्त करणारी लहान साधनं आणि जुने रेकॉर्डर त्यावर अडखळतात. विंडोजवर एका फोल्डरात दुसरा, त्यात तिसरा अशी लांबलचक उतरंड असेल आणि पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला, तर अनेक प्रोग्रॅमना फाइल सापडतच नाही. अशा वेळी फाइल थेट डेस्कटॉपवर आणून पाहा. एवढ्यानं भागल्याचं मी एकाहून जास्त वेळा पाहिलं आहे.

फाइल पूर्ण आली आहे का?

फाइलीवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये आकार पाहा. शून्य असेल तर तिथं नाव आहे, आवाज नाही. फाइल गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर असेल, तर तुमच्या फोल्डरात नुसती तिची खूण असू शकते. खरी फाइल अजून त्यांच्या सर्व्हरवरच असते. ढगाचं चिन्ह दिसलं तर आधी ती पूर्ण डाउनलोड करून घ्या. फोनमधून कॉपी होताना केबल हलली तरी अर्धवट फाइल येते, म्हणून फोनमधला आणि संगणकावरचा आकार बाइटपर्यंत जुळवून पाहा.

आकारावरून लांबीचा अंदाजही येतो. फोनवरचं १२८ केबीपीएसचं (सेकंदाला १२८ किलोबिट) रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण १ एमबी जागा घेतं, म्हणजे तासाला ६० एमबीच्या आतबाहेर. रेकॉर्डरवरची १६ बिट, ४४,१०० हर्ट्झची स्टिरिओ (डावा-उजवा असे दोन चॅनेल) वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे १० एमबी घेते आणि मोनो (एकच चॅनेल) असेल तर त्याच्या निम्मी. दोन तासांची मुलाखत वेव्हमध्ये घेतली आणि फाइल १५ एमबीची आहे, तर ती वाटेत तुटली आहे हे उघड आहे.

फाइल कुणाकडून व्हॉट्सअॅपवर मागवणार असाल तर 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं आवर्जून सांगा. तशी पाठवली की फाइल आहे तशी येते. २०२२ पासून २ जीबीपर्यंतची फाइल या मार्गानं जाते. आवाज व्हिडिओत असेल आणि तो नेहमीसारखा पाठवला, तर वाटेत पुन्हा दाबला (कॉम्प्रेस केला) जातो आणि आवाजाचा दर्जा उतरतो.

झूमवर मुलाखत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. मीटिंग संपल्यावर झूम रेकॉर्डिंगचं रूपांतर करत असतं. तेवढ्यात लॅपटॉप मिटला तर फोल्डरात 'डबल क्लिक टू कन्व्हर्ट' अशा नावाच्या फाइली उरतात. त्या एडिटरमध्ये उघडणार नाहीत. ज्या संगणकावर रेकॉर्डिंग झालं त्यावरच त्यांच्यावर दोनदा क्लिक करा आणि रूपांतर पुरं होईपर्यंत संगणक चालू ठेवा.

डब्यावरची चिठ्ठी आणि आतला जिन्नस

नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ इथं जातो, म्हणून जरा सावकाश सांगते.

फाइलीच्या नावामागचं शेपूट, म्हणजे एमपी३, एम४ए, वेव्ह वगैरे, ही डब्यावरची चिठ्ठी आहे. आत आवाज कुठल्या पद्धतीनं साठवला आहे, म्हणजे कोडेक कोणता, ही वेगळी गोष्ट. मिठाच्या डब्यावर 'साखर' लिहिलं म्हणून चहा गोड होत नाही. तसंच एम४ए फाइलीचं नाव बदलून एमपी३ केलं तर ती एमपी३ होत नाही, उलट एडिटर चुकीच्या रीतीनं वाचायला जातो आणि आणखी गोंधळतो. कुणी आधीच नाव बदललेलं असेल तर मूळ नाव काय होतं ते विचारून घ्या.

विंडोज ही शेपटं लपवून ठेवतो. फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. मग मीडियाइन्फो हा मोफत प्रोग्रॅम उतरवून त्यात फाइल टाका. डबा कुठला, कोडेक कुठला, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने टिपले) किती, चॅनेल किती, लांबी किती, सगळं तो दाखवतो. त्यातल्या कोडेक, सॅम्पल रेट आणि चॅनेल या तीन गोष्टी कागदावर टिपून ठेवा, पुढे लागतील. व्हीएलसी प्लेयर असेल तर त्यात फाइल चालू करून कंट्रोल आणि 'J' ही कळ एकत्र दाबली तरी यातलं बरंच कळतं.

आपल्याकडे येणाऱ्या फाइली ठरावीकच असतात. फोनच्या रेकॉर्डरची बहुधा एम४ए, आत एएसी कोडेक. व्हॉट्सअॅपचा व्हॉइस मेसेज म्हणजे ओपस. त्याचं नाव 'पीटीटी'नं सुरू होतं आणि पुढे तारीख असते. जुन्या फोनवरची एएमआर किंवा ३जीपी. या एएमआर फाइलींबद्दल आधीच सांगते: त्यांचा नेहमीचा सॅम्पल रेट ८,००० हर्ट्झ असतो, त्यामुळे ४,००० हर्ट्झच्या वरचं काही त्यात नसतंच. 'स' आणि 'श' यांतला फरक पुसट ऐकू येतो. उघडताना ४४,१०० केलं तरी तो परत येत नाही. तरी ती फाइल टाकू नका, शब्द नीट कळतात आणि लिहून काढायला तेवढं पुरतं.

कचेरीतल्या डिक्टेशन यंत्रांच्या डीएस२ फाइली मात्र त्या यंत्राच्या कंपनीच्या प्रोग्रॅमशिवाय सहसा उघडत नाहीत. त्या प्रोग्रॅममधूनच वेव्ह करून घ्याव्या लागतात.

एयूपी३ नावाची फाइल आली तर ती ध्वनिफाइल नव्हे, ऑडॅसिटीचा प्रोजेक्ट आहे. ती 'इम्पोर्ट'नं आणू नका, 'ओपन'नं उघडा. हा प्रकार २०२१ च्या ३.० आवृत्तीपासून आला. त्याआधीचा प्रोजेक्ट म्हणजे एक लहानशी एयूपी फाइल आणि सोबत 'डेटा' नावाचा फोल्डर. कुणी नुसती ती लहान फाइल पाठवली असेल, तर आवाज मागं राहिलेल्या फोल्डरात आहे. पाठवणाऱ्याला आधी फोन करा, म्हणजे तो फोल्डर कचरा समजून पुसायचा नाही.

एफएफएमपेग जोडून द्या

एम४ए, एएमआर, डब्ल्यूएमए यांतली फाइल ऑडॅसिटीत येत नसेल, तर नव्वद टक्के कारण हेच असतं. हे कोडेक वाचायला ऑडॅसिटी एफएफएमपेग नावाच्या वेगळ्या लायब्ररीची मदत घेते आणि पेटंटच्या अडचणींमुळे ती लायब्ररी सोबत दिली जात नाही. विंडोज आणि मॅकवर ती आपणच बसवायची.

ऑडॅसिटी बंद करा. एफएफएमपेग ऑडॅसिटीच्या मदतपानावर दिलेल्या दुव्यावरूनच घ्या. शोधात वर दिसणाऱ्या 'फ्री कन्व्हर्टर'च्या जाहिरातींमागे लागू नका. ६४ बिट ऑडॅसिटीला ६४ बिट लायब्ररीच लागते. शिवाय एफएफएमपेगचा नुसता चालणारा प्रोग्रॅमही इंटरनेटवर मिळतो. तो ऑडॅसिटीच्या कामाचा नाही, तिला लायब्ररीच्या सुट्या फाइली लागतात. 'मी एफएफएमपेग बसवलं, तरी होत नाही' असं म्हणणाऱ्या पुष्कळांची गाडी इथंच अडलेली असते.

बसवून झालं की ऑडॅसिटी पुन्हा सुरू करा. 'प्रेफरन्सेस'मध्ये 'लायब्ररीज' हे पान उघडा. एफएफएमपेगच्या ओळीत आवृत्तीचा आकडा दिसला तर काम झालं. 'सापडली नाही' असं दिसलं तर 'लोकेट' दाबून ती जिथं बसवली तो फोल्डर दाखवा. मग 'फाइल', 'इम्पोर्ट', 'ऑडिओ' या वाटेनं किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि आय एकत्र दाबून फाइल आणा.

व्हिडिओ फाइलही याच वाटेनं येते आणि तिच्यातला फक्त आवाज ऑडॅसिटी घेते. त्यासाठी वेगळा 'व्हिडिओ टू एमपी३' प्रोग्रॅम लागत नाही.

तरीही येत नसेल तर व्हीएलसी

व्हीएलसीत फाइल वाजते का पाहा. वाजत असेल तर निम्मी चिंता गेली. 'मीडिया' मेनूत 'कन्व्हर्ट / सेव्ह' निवडा, फाइल जोडा, 'प्रोफाइल'मध्ये 'ऑडिओ सीडी' घ्या, नवीन फाइलीला वेव्हचं शेपूट द्या आणि सुरू करा. खालची पट्टी शेवटापर्यंत जाऊ द्या. तयार झालेली वेव्ह ऑडॅसिटीत विनातक्रार येते.

रूपांतर एमपी३मध्ये करू नका. एम४एमध्ये आवाज एकदा दाबलेला असतो. एमपी३ केली की दुसऱ्यांदा दाबला जातो आणि एडिटिंगनंतर पुन्हा एमपी३ काढली की तिसऱ्यांदा. म्हाताऱ्या माणसाचा कापरा, हळू आवाज यात फार खराब होतो. काम संपेपर्यंत वेव्ह किंवा फ्लॅकमध्येच (दर्जा न घालवता फाइल लहान करणारा प्रकार) राहा. इंटरनेटवरच्या 'फाइल चढवा, आम्ही बदलून देतो' अशा सेवाही मी मुलाखतींसाठी वापरत नाही. समोरच्या माणसानं विश्वासानं सांगितलेलं असतं. ते कुठल्या अनोळखी सर्व्हरवर जाऊन पडणार, याचा आपल्याला पत्ता नसतो.

फाइल आली, पण काहीतरी विचित्र आहे

माणूस घोगरा आणि संथ, किंवा बारीक आवाजात भराभर बोलतो आहे असं वाटलं, तर सॅम्पल रेट चुकीचा वाचला गेला आहे. ४८,००० हर्ट्झचं रेकॉर्डिंग ४४,१०० समजून वाजवलं तर एक तासाचे ६५ मिनिटं १८ सेकंद होतात आणि आवाज दीडएक अर्धस्वर (सेमीटोन) खाली उतरतो. मीडियाइन्फोतून टिपलेला आकडा इथं कामी येतो. ट्रॅकच्या नावावर क्लिक करून 'रेट'मध्ये तो खरा आकडा द्या. 'रीसॅम्पल' वापरू नका. त्यानं आकडा बदलतो, पण चुकलेला वेग तसाच राहतो.

आवाज एकाच कानात येत असेल तर घाबरू नका. कॉलरचा माइक स्टिरिओ रेकॉर्डरला लावला की बऱ्याचदा असंच होतं. ट्रॅकच्या मेनूतून 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' करा आणि रिकामा ट्रॅक काढून टाका. याउलट, दोन्ही कानांत आवाज आहे, पण मोनो केला की तो गायब होतो किंवा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो, असंही घडतं. तेव्हा दोन्ही चॅनेल एकमेकांच्या उलटे असतात. वरच्यासारखं वेगळं करून एकावर 'इन्व्हर्ट' हा इफेक्ट चालवा आणि मगच एकत्र करा.

ट्रॅकवर नुसती सरळ रेघ दिसली तर रेकॉर्डिंग रिकामं आहे असं लगेच ठरवू नका. सगळं निवडून 'अॅम्प्लिफाय' उघडा. किती डेसिबल वाढवता येईल ते तिथं आपोआप लिहून येतं. ३० च्या आसपास आकडा आला तर आवाज आहे, फक्त फार दबका आहे. वाढवून ऐका. सोबत खरखरही वाढेल, तिचा बंदोबस्त नंतर करता येतो.

लांब फाइल येता येता मधेच थांबली तर डिस्कवरची जागा पाहा. ऑडॅसिटी आवाज सहसा ३२ बिटमध्ये साठवते. तुमची १६ बिटची एक तासाची स्टिरिओ फाइल साडेत्रेसष्ट कोटी बाइटची असेल, तर प्रोजेक्टमध्ये तीच १२७ कोटी बाइट घेते आणि प्रत्येक बदलाची 'अनडू'साठी ठेवलेली नोंद त्यात भर घालते. प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर ठेवू नका. फॅट३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल मावतच नाही.

मोडलेली फाइल

व्हीएलसीतही वाजत नाही, पण आकार भरपूर आहे, अशी फाइल बहुधा रेकॉर्डिंग मधेच तुटल्यामुळे तयार होते.

ती वेव्ह असेल तर काम सोपं आहे. वेव्हच्या सुरुवातीला साधारण ४४ बाइटची ओळखपत्रासारखी नोंद असते आणि पुढे सगळा आवाज उघडा पडलेला असतो. वीज गेली की त्या नोंदीत लांबी लिहायची राहून जाते, म्हणून एडिटर फाइल रिकामी समजतो. ऑडॅसिटीत 'इम्पोर्ट'खालच्या 'रॉ डेटा'नं ती नोंद बाजूला सारून थेट आवाज वाचता येतो. 'साइन्ड १६ बिट पीसीएम', 'लिट्ल एंडियन', मोनो किंवा स्टिरिओ आणि रेकॉर्डरचा सॅम्पल रेट एवढं निवडा. त्याच रेकॉर्डरची एखादी धड फाइल मीडियाइन्फोत पाहिली की ही माहिती मिळते. पहिल्यांदा वाजवताना हेडफोन काढून ठेवा आणि आवाज कमी करा. निवड चुकली तर कान फाटेल असा खरखराट येतो. आला तर ट्रॅक काढा आणि २४ बिट करून पाहा. बरोबर जमलं की सुरुवातीला एक 'टक्' आवाज येतो, तो कापून टाका.

एम४ए असेल तर रॉ डेटाचा उपयोग नाही, कारण आत दाबलेला आवाज आहे. या फाइलीत कुठला तुकडा कुठं आहे याची अनुक्रमणिका असते आणि अनेक रेकॉर्डर ती अगदी शेवटी, 'स्टॉप' दाबल्यावर लिहितात. बॅटरी त्याआधीच संपली तर पानं आहेत आणि अनुक्रमणिका नाही, अशी गत होते. माझ्या फाइलीचं हेच झालं होतं. यासाठी अनट्रंक नावाचं मोफत साधन आहे. त्याला मोडलेल्या फाइलीबरोबर त्याच फोनवर, त्याच अॅपमध्ये, त्याच सेटिंगवर केलेलं एक धड रेकॉर्डिंग द्यावं लागतं. त्या नमुन्यावरून ते तुकड्यांच्या जागा हुडकून अनुक्रमणिका नव्यानं लिहितं. म्हणून अशी वेळ आली तर फोन विकू नका, रेकॉर्डिंगचं अॅप काढू किंवा अपडेट करू नका. आधी दोन मिनिटांचा नमुना करून ठेवा.

फाइल चुकून पुसली गेली असेल तर त्या कार्डवर नवं काहीही रेकॉर्ड करू नका. कार्ड काढा, संगणकाला लावा आणि फोटोरेक हा प्रोग्रॅम चालवा. नावात फोटो असला तरी तो ध्वनिफाइलीही शोधतो. सापडलेल्या फाइली त्याच कार्डवर न ठेवता संगणकावर घ्या. फाइलींची मूळ नावं जातात, त्यामुळे एकेक ऐकून ओळखावी लागते.

आत्याच्या फाइलीसाठी मी त्याच फोनवर स्वयंपाकघरातलं तीन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून अनट्रंकला दिलं. सत्तर मिनिटांतलं जवळजवळ सगळं परत आलं, फक्त शेवटची काही सेकंदं आली नाहीत. त्यात अर्धी राहिलेली ओवी दिवाळीला गावी गेले तेव्हा तिच्याकडून पुन्हा म्हणून घेतली, फोन चार्जरला लावून.